पंचवीस आणि चाळीसच्या मधे

आल्लरने वाकून माझ्या मुलीचा पट्टा लावला, आणि तो लागेपर्यंत तिने दोन्ही हात वर धरले. एवढंच झालं. रविवारची दुपार होती, तालिनमधल्या मुस्तामाएच्या बाजारातून आम्ही नुकतेच निघालो होतो, मी मागच्या सीटवर मांडीवर केकचा खोका घेऊन बसले होते आणि पुढे माझा जावई माझ्या तेहेतीस वर्षांच्या मुलीला पट्टा बांधत होता. खट्ट आवाज आला. पिरेतने हात खाली घेतले, मांडीवर ठेवले, तळवे वर करून, आणि पडद्यांच्या सेलबद्दल बडबडायला लागली. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, काय जपतो बायकोला. मला मात्र ते हातच दिसले. हात असे आपोआप वर जात नाहीत, ते शिकवावे लागतात. पोलीस झडती घेतात तेव्हा माणूस असे हात वर करतो, आणि पहिल्या वेळी सांगितल्यावर करतो; न सांगता करायला लागतो तो पुष्कळ झडत्यांनंतर. पिरेत न सांगता करत होती. मी आल्लरच्या मानेकडे बघत राहिले. उंच गळ्याचा राखाडी स्वेटर, त्याच्या वर बारीक कापलेले केस, आणि मधे बोटभर गोरी कातडी. त्या बोटभर कातडीवर काय काय मारता येईल याचा विचार करताना खोका माझ्या हातात चेपला आणि मलई मांडीवर आली. "सासूबाई, रुमाल देऊ का?" आल्लरने आरशात बघून विचारलं. त्याचं सगळ्या गोष्टींकडे लक्ष असतं.

ट्रॉलीबस चालवण्यात माझे केस पांढरे झाले. डोक्यावरच्या आरशात मागची अख्खी बस दिसते, आणि जोडपं चढलं की दोन थांब्यांच्या आत मला कळायचं कोण कुणाला भितं. भिणारा माणूस भरपूर बोलतो, हसतो, पण हात जागचे हलवत नाही. मी स्वतः अकरा वर्षं तशी बसले होते, त्यामुळे या विद्येत मला कोणी शिकवायला नको. त्या दिवसापासून आल्लरची एकेक गोष्ट मी परत काढून उन्हात धरली. हा माणूस कधी आवाज चढवत नाही. माझा तेव्हाचा नवरा वाम्बोलाही चारचौघांत चढवायचा नाही. बोटीवर म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलायचा, आणि माझ्या आईच्या मरणापर्यंत तिला वाटत होतं की मला देवमाणूस मिळाला. हा स्वयंपाक करतो. गाडीची किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवतो. पिरेतला फोन केला की बऱ्याच वेळा हाच उचलतो आणि म्हणतो, ती झोपली आहे, उठली की सांगतो. नाताळात त्याच्या तळव्याला पट्टी होती, ओव्हनने भाजलं म्हणाला, आणि पिरेत जरा जास्तच मोठ्याने हसली होती. माणूस कुणाला मारतो तेव्हा त्याच्याही हाताला लागतं, हे मला माहीत आहे. रस्ते खात्यात याचं काम म्हणजे पुलांना तडे गेलेत का ते बघत देशभर फिरायचं. जेवताना ताटाकडे, भिंतीकडे, माझ्याकडेसुद्धा तो तसंच बघतो, कुठून फुटेल याचा अंदाज घेतल्यासारखा. मला त्याचा इतका राग आला की घरी आल्यावर मी हेरिंग साफ करायला घेतले आणि एकेकाचं डोकं लागेल त्याहून खूप खालून तोडलं. निम्मं मांस डोक्याबरोबर गेलं. मी सुरी ओट्यावर आपटली, परत उचलली, पुन्हा तोडायला लागले. प्रत्येक माशाला मी मनात त्याचं नाव ठेवलं होतं, आणि मला बरं वाटत होतं, अगदी हात कोपरापर्यंत गरम होईपर्यंत बरं वाटत होतं.

पट्ट्याचा तो खट्ट आवाज. जमिनीवर त्याचा अर्थ एक, बर्फावर दुसरा. हियूमा बेटाकडे जाणारी बोट थंडीत अडकली की समुद्रावरूनच रस्ता निघतो, जुनिपरच्या फांद्या रोवून आखलेला, आणि त्या रस्त्यावर पट्टा लावायचा नसतो. दाराला कुलूप घालायचं नसतं. थांबायचं नसतं. बर्फ फुटला तर गाडीतून उडी मारता आली पाहिजे, हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. आणि वेग. पंचवीसच्या खाली चालवा, नाहीतर चाळीसच्या वर. मधे चालवायचं नाही, कारण गाडीच्या वजनाने बर्फाखाली पाण्याची लाट उठते आणि त्या मधल्या वेगात ती लाट गाडीच्या बरोबरीने धावते, फुगत जाते आणि शेवटी वरचा बर्फ फोडते. वाम्बोला बेटावरचाच. बोटीच्या इंजिनावर कामाला, बर्फाचं त्याला सगळं कळायचं. सत्याऐंशीच्या थंडीत आम्ही त्याच्या आईकडे निघालो होतो, जुन्या झिगुली गाडीतून. आदल्या रात्री त्याच्या भावाच्या कसल्याशा विनोदावर मी हसले होते. तो विनोद आठवत नाही. हसले होते एवढं आठवतं, कारण ते मला पुढे फार महाग पडलं. तेव्हा बेटावर जायला परवाना लागायचा; किनाऱ्यावर पहाऱ्याच्या सैनिकाने परवाने बघितले, वाम्बोलाने त्याला सिगरेट दिली, दोघं हवेबद्दल बोलले. मग बराच वेळ गाडी नीट चालली. किनारा मागे गेला, पुढचा अजून दिसत नव्हता. तेव्हा तो एका हाताने माझ्यावरून वाकला, ताठरलेला पट्टा ओढून घेतला आणि माझ्या कमरेशी लावला. खट्ट. वर हात ठेवून धरला. आणि गाडीचा वेग कमी होऊ दिला.

त्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, "आता हस." काट्यावर तीस. खालून आवाज यायला लागला, आधी कोणीतरी लांबवर सतरंजी फाडावी तसा, मग जवळ. पुढे बर्फावर पाणी आलं. मागच्या सीटवर नऊ वर्षांची पिरेत होती, गुडघ्यांवर हातमोजे ठेवून. मी तिच्याकडे वळून बघू शकत नव्हते, पट्टा मला वळू देत नव्हता. वाम्बोला म्हणाला, "हस ना. काल येत होतं." मी त्याच्या हाताला चावले. पट्ट्यावर ठेवलेल्या त्या हाताच्या अंगठ्याखाली जिथे मांस असतं तिथे, आणि दात हाडाला लागेपर्यंत सोडलं नाही. तोंडात इंजिनचं तेल आणि रक्त आलं. त्याने दुसऱ्या हाताने माझं डोकं खिडकीवर आपटलं, एकदा, परत एकदा, स्टिअरिंग मोकळं सुटलं आणि गाडी फिरत जाऊन फांद्यांत अडकून थांबली. तिथे थांबायचं नसतं. बर्फ आमच्याखाली कण्हत होता. मागून एक गाडी आली. टोपी घातलेल्या म्हाताऱ्याने वेग जरासा कमी करून काच खाली केली. माझ्या कपाळावरून रक्त येत होतं, वाम्बोलाचा हात लाल होता, मागे पोर होतं. त्याने सगळं नीट बघितलं. म्हणाला, "इथे थांबू नका. घरी जाऊन भांडा." आणि गेला. सर्वांत जास्त लाज मला याची वाटते की आम्ही त्याचं ऐकलं. वाम्बोलाने गाडी सुरू केली, मी पट्टा सोडवला, आणि आम्ही दोघं शहाण्यासारखे साठच्या वेगाने पलीकडे गेलो. मधेच मागून पिरेतने विचारलं, "आई, कोण जिंकलं?" मी तोंड पुसलं आणि म्हणाले, "मी."

ते खरंही होतं. त्याच वसंतात मी त्याला सोडलं, पिरेतला घेऊन तालिनला आले, ट्रॉलीबसवर लागले. मुलीला एकच गोष्ट शिकवली, सहन करायचं नाही. समोरच्याचा हात उठायच्या आत आपला उठला पाहिजे. शाळेत एकाने तिची वेणी ओढली, तिने त्याचा दात पाडला. मुख्याध्यापिका मला उपदेश करत राहिल्या आणि मी मान हलवत राहिले. घरी येताना पोरीला वेलचीचा गोड पाव घेऊन दिला, सबंध, वर बदाम लावलेला. आजही मला त्या दाताचा अभिमान वाटतो. म्हणून तर त्या वर धरलेल्या हातांनी माझा जीव कासावीस झाला. एवढी तालीम देऊन शेवटी माझी पोर माझ्याच जागेवर जाऊन बसली. सरळ विचारावं तर ती उडवून लावणार. मीही आईला उडवून लावायची; डोळा काळानिळा असला की बोटीच्या शिडीवर आपटले म्हणायची. मी पिरेतला फोनवर आडून विचारलं, सगळं ठीक ना गं? ती म्हणाली, "आई, तू म्हातारी होत चाललीस." मग हसली, मग मागे काहीतरी फुटल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. मी तो फोन कानाला लावून किती वेळ उभी होते कोण जाणे. मला माझी मुलगी परत हवी होती. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

फेब्रुवारीत रेडिओवर सांगितलं की रोहुक्युला बंदरापासून बेटापर्यंतचा बर्फाचा रस्ता खुला झाला. आल्लरची आई बेटावर राहते, तिची साठी होती. त्यानेच फोन केला. म्हणाला, बोट बर्फ फोडत चालूच आहे, मी तिकीट काढणार होतो, पण पिरेत म्हणते बर्फावरूनच जायचं. मला हसू आलं. स्वतःच्या मनातलं बायकोच्या तोंडी घालायची कलाही याला येते तर. म्हटलं, मीही येते. तो म्हणाला, गाडीच्या वजनाचा हिशोब बघावा लागेल. म्हटलं, सासूचं वजन तुला इतक्या वर्षांत कळलं नाही का. तो हसला, म्हणाला, या की मग, पिरेतला बरं वाटेल. फोन ठेवला आणि मी माळ्यावरून माझ्या वडिलांची दाभणं काढली. मासेमारीला बर्फावर जाणारा माणूस ती गळ्यात घालतो, लाकडी मुठीची दोन, एका दोरीत ओवलेली. पाण्यात पडलाच तर काठाच्या बर्फात रुतवून अंग वर ओढता यावं म्हणून. टोकं गंजली होती. ओट्यावरच्या दगडावर घासून मी त्यांना धार आणली. माझं सगळं ठरलं होतं. बर्फावर कोणी उतरू शकत नाही, थांबू शकत नाही, आवाज ऐकायला कोणी नसतं. वाम्बोलाने ही जागा मला दाखवून ठेवली होती, आता ती माझ्या कामाला येणार होती. मधोमध गेलं की याला बोलतं करायचं. पलीकडे पोचलं की पिरेतला हाताला धरून बस पकडायची, बोटीने परत यायचं, आणि माझ्या घराचं कुलूप बदलायचं.

रोहुक्युलाला रांग होती. नारिंगी जाकीटवाला एकेक गाडी सोडत होता. आल्लरच्या खिडकीशी येऊन त्याने रोजचं म्हणून दाखवलं. पट्टे काढा, दारं मोकळी ठेवा, पुढच्याच्या अंगावर जाऊ नका, पंचवीसच्या खाली नाहीतर चाळीसच्या वर. मग आत डोकावून मला बघितलं. "मागे सासू का? मग तू साठनेच जाशील."

"सासू आहे म्हणूनच हळू जाणार," मी म्हणाले. तो खदखदून हसला आणि बोनेटवर थाप मारून आम्हाला सोडलं. गाडी उतारावरून समुद्रावर उतरली. डोळे दुखतील इतकं ऊन होतं. पट्टा सुटल्यावर आल्लरची नजर पिरेतच्या हातांकडे गेली, मी मागून स्पष्ट बघितलं. तो हळूच म्हणाला, "पिरेत." ती म्हणाली, "माहीत आहे." आणि तिने दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली घातले, त्यांच्यावर बसली. तेहेतीस वर्षांची बाई स्वतःच्या हातांवर बसली. माझ्या डोळ्यांसमोर ते पांढरं मैदान लाल झालं. मी कोटाच्या आत हात घालून दाभणाची मूठ धरली. फांद्या मागे जात होत्या. आल्लर पंचावन्नच्या वेगाने चालवत होता, अगदी सांगितल्याप्रमाणे, आणि आईसाठी घेतलेल्या किटलीबद्दल काहीतरी सांगत होता. पिरेत हं हं करत होती. त्या किटलीचं वर्णन मी पूर्ण ऐकलं. मला वाटतं माणसाला मारायच्या आधी माणूस असंच काहीतरी पूर्ण ऐकतो. मग किनारा मागे दिसेनासा झाला, आणि मी पुढे सरकून त्याच्या स्वेटरचा गळा बोटाने खाली ओढला आणि दाभण कानाखाली टेकवलं.

"आल्लर, माझ्या मुलीवर हात टाकतोस का?"

त्याची मान ताठ झाली. आरशात त्याचे डोळे दिसले, आणि त्यांत मला हवी होती ती भीती दिसेना. दमलेले होते ते, फार दमलेले. "सासूबाई, ते काढा," तो म्हणाला. "गाडी उसळली तर लागेल."

"उत्तर दे."

"नाही," तो म्हणाला. थोड्या वेळाने परत म्हणाला, "मी नाही."

मी टोक दाबलं. कातडी आत गेली, एक थेंब आला. खरं सांगते, मला आणखी दाबायचं होतं. वाम्बोलाला दाबायचं राहिलं होतं ते सगळं माझ्या मनगटात उतरलं होतं. पिरेत ओरडली, आई, काय करतेस, वेड लागलं का. आल्लरचा पाय आपोआप सैल झाला असावा. गाडी मंदावली. काटा पंचेचाळीसवर आला, मग चाळीस, मग मी कधीच विसरू शकले नव्हते त्या आकड्यांत. खालून तो आवाज सुरू झाला. पुढच्या बर्फावर एक काळी रेघ पळत गेली आणि तिच्यातून पाणी झिरपलं. आल्लर तसाच ताठ, मानेवर दाभण, आणि गाडी पस्तीसला. तेव्हा पिरेतचा हात मांडीखालून निघाला आणि उलट्या पंज्याने त्याच्या तोंडावर बसला. "चालव म्हणते ना, बैला," ती म्हणाली, आणि परत मारलं, यावेळी मूठ वळून, नाकावर. "चालव."

पण मी तिचा हात बघत नव्हते. मी त्याला बघत होते. तिचा हात निघायच्या आधीच, मांडीखाली नुसता हलला तेव्हाच, त्याचा उजवा खांदा कानापर्यंत वर गेला होता, हनुवटी आत गेली होती, उजवा डोळा मिटला होता. डावा उघडा, रस्त्यावर. फटका संपेपर्यंत तो तसाच राहिला, मग दुसरा बसू दिला, आणि मगच खांदा खाली आला, हळूहळू, अजून एक येणार नाही ना बघत. ती हालचाल मला पाठ होती. शिकायला मला सहा महिने लागले होते. खांदा आधी न्यायचा, कारण कान फुटला तर बहिरेपण येतं. डोळा एकच मिटायचा, कारण दोन्ही मिटले तर पुढचा फटका कुठून येतोय कळत नाही. आणि हात मधे आणायचा नाही, त्याने त्यांना जास्त राग येतो. माझा डावा खांदा असायचा, कारण वाम्बोला माझ्या डावीकडे बसायचा. याचा उजवा. तेवढाच फरक. माझ्या हातातलं दाभण आपोआप मागे आलं. स्वेटरचा गळा खालीच राहिला होता, आणि कानामागे, केसांत, नखांच्या जुन्या खुणा होत्या, एकीवर एक, काही पांढऱ्या पडलेल्या. आल्लरने पाय दाबला. गाडी चाळीसच्या वर गेली, पन्नास, साठ. आवाज मागे राहिला.

पिरेतने हात परत मांड्यांखाली घातले आणि समोर बघत रडायला लागली, आवाज न करता. आणि मला काय वाटलं ते सांगते. पहिल्यांदा मला हायसं वाटलं. माझी मुलगी मार खात नाही. देवा, ती मार खात नाही. एक क्षण, कदाचित दोन, मला गाडीतून उतरून नाचावंसं वाटलं. मग माझ्या पुढ्यात त्याच्या नाकातलं रक्त ओठावर आलं आणि त्याने ते जिभेने पुसलं, कारण स्टिअरिंगवरचा हात काढायचा नव्हता, आणि मला स्वतःची किळस आली. ओव्हनचं भाजलेलं. ती झोपली आहे, उठली की सांगतो. खिशातली किल्ली, रागात तिने गाडी बाहेर काढू नये म्हणून. तो पट्टा, ते वर धरलेले हात; त्या दोघांनी मिळून ठरवलेलं असणार, गाडीत असताना हात दिसतील असे ठेवायचे, आणि तीही बिचारी ठेवत होती, प्रयत्न करत होती. मी सगळं बरोबर ओळखलं होतं, फक्त माणूस चुकला होता. मागच्या सीटवर नऊ वर्षांची पोर माझ्यासाठी रडत असेल असं मी चोवीस वर्षं धरून चालले होते. ती तिथे बसून बघत होती की मारणारा गाडी चालवतो आणि चावणारा जिंकतो. मला पिरेतचा तिरस्कार वाटला. तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी, एकाच छातीत, आणि मधे जागाच राहिली नाही.

पलीकडे हेल्तेरमाला गाडी किनाऱ्यावर चढली. तिथे तीन-चार गाड्या परत जायला थांबल्या होत्या, माणसं थर्मासमधला चहा पीत उभी होती, एक नारिंगी जाकीटवाला त्यांच्यात गप्पा मारत होता. आल्लरने गाडी बाजूला लावली आणि उतरून मूठभर बर्फ नाकाला लावला. मीही उतरले. पिरेत आतच बसली. जाकीटवाल्याने विचारलं, नाकाला काय झालं रे. आल्लर म्हणाला, "ब्रेक लागला जरा. आपटलो."

"बर्फावर ब्रेक? तालिनचे दिसता." सगळ्यांना मजा वाटली.

इथून बस पन्नास पावलांवर उभी होती. पिरेतला हाताला धरून मी तिच्यात बसले असते तर माझं ठरलेलं पार पडलं असतं. कोणी काही विचारलं नसतं. घरी नेऊन मी तिला जेवू घातलं असतं, समजावलं असतं, आणि दोन आठवड्यांनी ती त्याच्याकडे परत गेली असती, कारण तो फोन करून म्हणाला असता, ये. तो म्हणणार हे मला माहीत होतं. मीही दर वेळी वाम्बोलाला तेच म्हणायची. बोटीच्या शिडीवर आपटले असं मी इतक्यांदा इतक्या लोकांना सांगितलं होतं, आणि त्यांतल्या एकानेही, एकाही माणसाने, मोठ्याने म्हटलं नव्हतं की हे खोटं आहे. ती माझी एकुलती एक मुलगी आहे. ही माणसं तिच्या सासूच्या ओळखीची असणार, बेट केवढंसं, संध्याकाळपर्यंत वाढदिवसाच्या टेबलावर ही बातमी केकच्या आधी पोचणार.

"तो आपटला नाही," मी म्हणाले. "माझ्या मुलीने मारलं त्याला. ती नेहमी मारते."

क्षणभर सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग जाकीटवाला हसायला लागला, आणि बाकीचेही. एक म्हणाला, माझ्या बायकोचा नंबर घे, दोघी मिळून क्लास काढतील. दुसऱ्याने आल्लरच्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, सासूच साक्षीला असल्यावर गेलास तू. आणि आल्लरही हसला. नाकाला लाल झालेला बर्फ धरून तो त्यांच्याबरोबर हसला, मान हलवत, मनापासून हसल्यासारखा, आणि ते हसणं मला त्या फटक्यांपेक्षा बघवेना. मी परत म्हणाले, गंमत करत नाही मी. ते आणखी हसले. मी एकाच्या हातातला चहा उडवला, त्याच्या बुटांवर सांडला, तरी त्याला वाटलं म्हातारी कडक आहे.

गाडीचं दार उघडलं. पिरेत उतरली, टोपी नाही, कोट उघडा. तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती माणसांच्या जवळ आली, आणि तिच्या तोंडाकडे बघून त्यांचं हसणं एकेकाचं थांबलं.

"खरं सांगते ती," पिरेत म्हणाली. "मी मारते."

आल्लर पटकन पुढे झाला. "पिरेत, आत बस. थंडी आहे." तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती, ओठ पांढरे, आणि तिचे हात खिशांत नव्हते. ती एक पाऊल पुढे आली. मी सरकले आणि त्या दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले, पाठ आल्लरकडे आणि तोंड माझ्या मुलीकडे.